सतरा नंबरची पेटी

गाईडने आपलं नाव सांगितलं होतं, पण ते बसमधल्या कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. पहिल्या पाऊण तासातच सगळ्यांनी त्याचं नामकरण करून टाकलं: वेळापत्रक. खिशात घडी घातलेला कागद, गळ्यात शिट्टी, हातात माइक आणि तोंडात सतत मिनिटं. "पहिला धबधबा पस्तीस मिनिटं. दुसरा चाळीस. जेवण पन्नास. मग तिसरा धबधबा आणि शेवटी सफरचंदाची बाग, पंचेचाळीस मिनिटं. सहाच्या ठोक्याला परत. हरवलेल्या माणसाला शोधायला यात वेळ धरलेला नाही, तेव्हा कृपा करून कुणी हरवू नका."

सगळी बस हसली. खिडकीशी बसलेल्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी शेवटचा आकडा मनात पक्का करून घेतला. पंचेचाळीस मिनिटांत एक माणूस शोधायचा, त्याचे आभार मानायचे आणि परत येऊन जागेवर बसायचं. जमेल, असं त्यांना वाटलं.

काकू मागच्याच महिन्यात निवृत्त झाल्या होत्या. शहरातल्या मोठ्या फळांच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं फळं निवडली. बागांमधून लाकडी पेट्या यायच्या, त्या उघडायच्या, एकेक फळ हातात घ्यायचं, चांगलं इकडे, डागी तिकडे, सडकं बादलीत. गोदामात त्यांना सगळे 'नाकवाल्या काकू' म्हणायचे, कारण झाकण उघडायच्या आधी नुसत्या वासावरून त्या सांगायच्या की आत, खालून दुसऱ्या थरात, डाव्या कोपऱ्यात एक सडलेलं आहे. नवीन लोक पैज लावायचे आणि तोंडघशी पडायचे.

शेजारी त्यांची लेक बसली होती. ही सहल तिनेच निवृत्तीची भेट म्हणून दिली होती. तिने तीन सहलींची पत्रकं आईपुढे टाकली: समुद्र, जुना किल्ला आणि ही. आईने पत्रक उघडूनसुद्धा न पाहता हिच्यावर बोट ठेवलं. लेकीला वाटलं, आईला धबधब्यांची हौस. खरं कारण पत्रकाच्या कोपऱ्यात नखाएवढं छापलेलं होतं. दोन डोंगर आणि त्यांच्या मधोमध एक झाड. तीस वर्षं पेट्यांच्या फळीवर काकूंनी तोच छाप पाहिला होता.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर काकू उगाचच हट्टी वाटतील. गोदामात प्रत्येकीला रोजच्या सोळा पेट्या ठरलेल्या असत. सोळा झाल्या की घरी. पण पेटी म्हणजे मोठं लबाड प्रकरण. वरचा थर असा चकचकीत, की फोटो काढून घ्यावा, आणि तळाशी सगळा उकिरडा. पेट्या भरणाऱ्यांना ठाऊक असायचं की बाजारात वरचाच थर बघतात. एकेका पेटीपायी अर्धा तास जायचा, हात चिकट व्हायचे, कंबरेचे तीन तेरा वाजायचे. प्रत्येक पेटीच्या झाकणाआड एक चिठ्ठी असे. तिच्यावर पेटी भरणाऱ्याचा नंबर आणि खाली 'शेरा' असं छापून मोकळी सोडलेली जागा. ही चिठ्ठी रिकाम्या पेटीतून बागेकडे परत जायची. तक्रार असली तरच बायका शेरा लिहीत आणि मग त्यात हात आखडता घेत नसत.

या सगळ्यात एक नंबर होता सतरा. सतरा नंबरच्या पेटीत वरचा थर जसा, तसाच तळचा. देठं सगळी एकाच बाजूला, कोपऱ्यांत कागदाचे घट्ट पीळ कोंबलेले, एक फळ दुसऱ्याला घासत नाही. दहा मिनिटांत पेटी मोकळी. ज्या दिवशी वाट्याला चार-पाच सतरा यायच्या, त्या दिवशी काकू चारच्या आत घरी असायच्या. आणि घरी एक दम्याची पोर असायची. काकूंना दुसरं कुणी नव्हतं. नवरा पोर रांगत असतानाच गेला होता. सतरा नंबर कोण, बाई की बुवा, तरुण की म्हातारा, काही माहीत नव्हतं. पण त्या माणसाला एकदा भेटायचं आणि समोर उभं राहून सांगायचं, हे त्यांनी पंचवीस वर्षं मनात धरलं होतं.

पहिला धबधबा उंच आणि किडकिडीत होता. कड्यावरून निघालेलं पाणी खाली पोचेपर्यंत निम्मं हवेतच विरून जायचं आणि उरलेलं सगळ्यांच्या चेहऱ्यावर बसायचं. काकूंनी पाणी पाहिलं आणि हुंगलंही. ओला दगड, शेवाळ, कुठेतरी पुदिन्यासारखं काहीतरी. तीस वर्षं नाकाला सडक्याचा माग काढायला लावलं होतं, त्याला आज सुट्टी मिळाली. "आई, बरं वाटतंय ना?" लेकीने विचारलं. "फार बरं वाटतंय गं," काकू म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. आपल्याला कुणी इथवर आणलं, थंडी वाजेल म्हणून खांद्यावर स्वेटर टाकला, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं.

घोटाळा झाला दुसऱ्या धबधब्यापाशी. तिथे पाणी रुंद होतं आणि पुढे खडकांमधून पळत जात होतं. बसमधले दातांचे डॉक्टर पाय पाण्यात सोडून बसले आणि त्यांचा एक बूट सटकला. नवाकोरा बूट होता. तो होडीसारखा डौलात निघाला, त्याच्यामागे डॉक्टर एका पायावर, त्यांच्यामागे त्यांची बायको, मग एक नवं जोडपं, मग दोन निवृत्त शिक्षिका आणि सर्वांत शेवटी शिट्टी फुंकत वेळापत्रक. अर्ध्या मैलावर बूट एका दगडाला अडकला. तो काढेपर्यंत तास गेला. जेवणाच्या ठिकाणी दुसऱ्या दोन बस पुढे उभ्या होत्या, तिथे आणखी पाऊण तास. काकूंनी आपली उकडलेली अंडी आणि पाव बसमध्येच खाल्ला. लेकीला कळेना, बूट सापडल्यावर आईचा चेहरा का पडला.

सगळे परत बसमध्ये चढले, तेव्हा चार वाजून गेले होते. वेळापत्रकाने कागद उलगडला, पेन काढलं आणि एक ओळ सरळ खोडून टाकली.

"मंडळी, बाग रद्द," तो माइकमध्ये म्हणाला. "तिसरा धबधबा सगळ्यांत मोठा आहे, तो सोडता येणार नाही. बागेत काय, झाडंच ती. जाताना खिडकीतून दिसतील."

काकू उभ्या राहिल्या. चालत्या बसमध्ये उभं राहायचं नाही, हे त्याने सकाळपासून चार वेळा बजावलं होतं.

"मला बागेत उतरायचंय," त्या म्हणाल्या.

"काकू, बसा आधी, पडाल."

"पडत नाही. मला बागेत उतरायचंय."

"अहो, पस्तीस माणसं आहेत. एकट्यासाठी कसं करू मी? सफरचंदं हवी असतील तर रस्त्यावर मिळतात, थांबवतो पाच मिनिटं."

"आई," लेक हलक्या आवाजात म्हणाली, "पुन्हा येऊ ना आपण कधीतरी."

"पुन्हा कधी? इतकी वर्षं गेली, तो माणूस थांबलाय का माझ्यासाठी, देव जाणे." काकूंचा आवाज चढला होता आणि त्यांनाच ते नवीन होतं. गोदामात तीस वर्षं त्या मूग गिळून बसणाऱ्यांपैकी होत्या.

वेळापत्रक वैतागला होता, पण माणूस वाईट नव्हता. त्याने माइक पुढे केला. "असं करा, काय ते तुम्हीच सांगा सगळ्यांना. लोक हो म्हणाले तर माझी ना नाही."

काकूंनी माइक दोन्ही हातांत धरला. पहिला शब्द छतातून एवढा मोठा आला, की त्या दचकल्या. मग बोलायला लागल्या. पेट्यांचं सांगितलं, सोळाचं सांगितलं, सतरा नंबरचं सांगितलं. आणि मग जे लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं, ते आलं.

"माझी मुलगी सात वर्षांची होती. त्या दिवशी सकाळी तिची छाती वाजत होती. मला ऐकू येत होतं. तरी मी कामावर गेले. आधीच दोन खाडे झाले होते, तिसरा केला असता तर काम गेलं असतं. शेजारणीला सांगून गेले, लक्ष ठेवा. तिला अचानक कुठे जावं लागलं, तिचा दोष नाही. त्या दिवशी माझ्या वाट्याला सोळापैकी नऊ पेट्या सतरा नंबरच्या आल्या. तसं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. मी अडीचला घरी पोचले. ही जिन्याच्या पायरीवर बसली होती, ओठ निळे. उचललं आणि पळाले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास झाला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं." काकूंनी श्वास घेतला. "रोजच्यासारख्या पेट्या असत्या, तर मी पाचला पोचले असते. एवढंच आहे. मला त्या सतरा नंबरला भेटायचंय."

काकूंना लेकीकडे बघायचा धीर होईना. छाती वाजत असताना आई सोडून गेली, हे पोरीला अशा परक्या पस्तीस माणसांत कळलं, याची त्यांना शरम वाटत होती. लेकीने त्यांच्या हातातला माइक काढून घेतला, वेळापत्रकाला परत दिला आणि आईचा रिकामा झालेला हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. तो तिने मग बराच वेळ सोडला नाही.

"बूट माझा होता," मागून डॉक्टर म्हणाले. "मला तिसरा धबधबा नको."

"आम्ही दोन पाहिले की," नव्या जोडप्यातली मुलगी म्हणाली. "तिसऱ्यातही पाणीच असणार."

ड्रायव्हर सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता. लोकांना तो मुका वाटायला लागला होता. त्याने आरशातून मागे पाहिलं, "बाग डावीकडे, वीस मिनिटांत पोचवतो," असं म्हणाला आणि कुणी काही बोलायच्या आत गाडी वळवलीसुद्धा. वेळापत्रकाने कागदाची घडी घातली. "ठीक आहे. मंडळी, उजव्या खिडकीतून लांब जी पांढरी रेघ दिसतेय ना, तो आपला तिसरा धबधबा," तो म्हणाला. "पाहिलात? झाला."

रस्ता उतरत गेला तसे डोंगर दोन्ही बाजूंनी मागे सरले आणि मधल्या उतारावर झाडांच्या रांगा सुरू झाल्या. फांद्या फळांनी वाकलेल्या, खाली टेकू दिलेले. काकूंना आधी वास आला. तोच, पेटीचं झाकण उघडल्यावर यायचा तो, फक्त इथे तो सगळ्या डोंगरभर होता. त्यांचे डोळे भरून आले.

पेट्या भरायची शेड लांबलचक होती. दोन्ही बाजूंना टेबलं आणि प्रत्येक टेबलाच्या पायावर पांढऱ्या रंगात नंबर. शेडचा व्यवस्थापक पुढे आला. काकूंनी नुसतं "सतरा" म्हटलं. त्याने बोट दाखवलं. खांबाच्या अलीकडच्या टेबलाशी विशीतली एक मुलगी फळं लावत होती.

"ही?" काकू म्हणाल्या. "ही तर तेव्हा जन्मलीही नसेल."

"ती तीन महिन्यांपूर्वी लागली," व्यवस्थापक म्हणाला. "नंबर टेबलाचा असतो काकू, माणसाचा नव्हे. आणि सतरावर तर आम्ही नवीन मुलींनाच बसवतो. शिकल्या की पुढच्या टेबलावर जातात. आजवर तीस-चाळीस जणी तरी बसून गेल्या असतील. त्यातली तुमची कोणती, हे कसं सांगणार?"

एवढी वर्षं त्या रोज मनातल्या मनात एका टेबलाचे आभार मानत होत्या. त्यांना हसूही आलं आणि रडूही. दारात वेळापत्रक उभा होता. त्याने सवयीने घड्याळ बघितलं आणि मग बाही खाली ओढून ते झाकून टाकलं.

काय करावं न कळून काकूंनी तेच केलं जे हातांना येत होतं. समोरच्या भरलेल्या पेटीत कडेने हात घातला आणि बोटं थेट तळाशी नेली. देठं सगळी एकाच बाजूला. कोपऱ्यात कागदाचा घट्ट पीळ. डोळे मिटले असते तर पंचवीस वर्षांपूर्वीची पेटी वाटली असती. चाळीस जणींचे हात एकसारखे कसे असतील?

"हे तुला कुणी शिकवलं गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"आत्यांनी," मुलगी म्हणाली. "सतरावरच्या सगळ्यांना त्याच शिकवतात. भरलेली पेटी आधी त्या तपासतात, मग झाकण."

"तळाला कोण हात घालतंय?" खांबाच्या पलीकडून आवाज आला. "फळं दुखवू नका."

खिडकीखाली एका स्टुलावर एक वाळकीशी म्हातारी बसली होती, याच त्या आत्या. जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर कागदांचा गठ्ठा. बोटं सगळी वाकडी झालेली, तरी एकेक कागद पिळून बाजूच्या टोपलीत टाकणं चालू होतं. काकू तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं पाठ केलेलं सगळं त्या विसरल्या.

"मी शहरातल्या गोदामात होते," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुमच्या पेट्या उघडायची. आभार मानायला आलेय."

"आभार कसले? काम होतं ते."

"काम सगळेच करत होते. तळापर्यंत तुम्हीच करत होतात."

म्हातारीचे हात थांबले. तिने चष्मा वर सरकवून काकूंकडे निरखून पाहिलं. "जांभळी पेन्सिल तुमची का?"

काकूंना क्षणभर काही उमगलं नाही. मग आठवलं. गोदामात नोंदी करायला जांभळी पेन्सिल असे, कानाला लावलेली. आणि सतरा नंबरच्या चिठ्ठीवर, शेऱ्याच्या जागी, त्या एक ओळ लिहायच्या. बाकीच्या बायका हसायच्या, अगं, ते कोण वाचतंय, रिकाम्या पेटीतलं. काकू म्हणायच्या, वाईट असलं की लिहितो, तर चांगलं असलं की नको लिहायला?

"तळापर्यंत छान," आत्या म्हणाल्या. "जांभळ्या अक्षरात. पहिली चिठ्ठी आली त्या दिवशीचं सांगते. मी सगळ्यांत मागे पडत होते. बाकीच्या तळ कसाही भरायच्या आणि पुढे जायच्या. मालक म्हणाले होते, उद्यापासून तुम्हाला फळं तोडायला पाठवतो. मीही म्हटलं, जाऊ दे, तळ बघायला कोण जातंय, आपणही तसंच भरू. तेवढ्यात परतीच्या पेट्या आल्या आणि त्यात ती चिठ्ठी. मी ती तशीच मालकांना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, मग नव्या मुलींना तुम्हीच शिकवा." त्यांनी खांबाकडे हात केला. खांबावर, काचेखाली, पिवळी पडलेली एक चिठ्ठी होती. जांभळं अक्षर फिकट झालं होतं, पण काकूंना आपला 'छ' ओळखू आला. "प्रत्येक नवीन मुलीला मी आधी हे वाचायला लावते. सांगते, तिकडे एक बाई आहे, ती तळापर्यंत बघते. तिच्यासमोर माझं नाक कापू नकोस."

"कोणत्या वर्षी आली ही?" लेकीने विचारलं. आत्यांनी वर्ष सांगितलं. लेकीने बोटांवर मोजलं. "म्हणजे मी पाच वर्षांची होते. दोन वर्षं आधी." ती आईकडे वळली. "आई, तू आधी चिठ्ठी लिहिलीस, म्हणून त्या नऊ पेट्या आल्या."

"छे. पेटी आधी आली, मग चिठ्ठी," काकू म्हणाल्या.

"हो, पण चिठ्ठी आली नसती तर..."

"पेटीच आधी," काकू ठामपणे म्हणाल्या. हे श्रेय त्या घरी न्यायला तयार नव्हत्या. ते द्यायलाच तर आल्या होत्या. त्यांनी मग आत्यांच्या शेजारी बसून ती दुपार सांगितली. पायरी, निळे ओठ, अर्धा तास. बसमध्ये सांगितली त्यापेक्षा सोप्या शब्दांत, आणि या वेळी छाती वाजत असल्याचंही आवाज न कापता सांगितलं. लेकीचा हात त्यांच्या पाठीवर होता.

आत्यांच्या हातातला कागद अर्धाच पिळून राहिला होता. शेडमधल्या मुलीही हात थांबवून ऐकत होत्या. दारात डॉक्टर, शिक्षिका, ते नवं जोडपं, सगळे उभे होते.

"हीच ती?" आत्यांनी विचारलं.

"हीच. आता पोहायला शिकवते. पाण्याखाली दीड मिनिट दम धरते."

"इकडे ये बघू. वाक अशी."

लेक वाकली. आत्यांनी आपला वाकड्या बोटांचा हात तिच्या पाठीवर टेकवला आणि कान जवळ आणला. "घे मोठा श्वास."

लेकीने श्वास घेतला. सावकाश, खांदे वर जाईपर्यंत, सगळा सफरचंदाचा वास आत भरून घेतला. मग तितकाच सावकाश सोडला. कुठे शीळ नाही, घरघर नाही. आत्यांनी आणखी एकदा घ्यायला लावला. काकू आत्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पेटी पास होते की नाही, तशा.

"छान," आत्या म्हणाल्या. "अगदी तळापर्यंत."